पीट मॉसची व्यावसायिक काढणी

पीट मॉस म्हणजे स्फॅग्नम प्रजातीतील हरितांच्या मृत भागांपासून थंड प्रदेशांतील दलदलींत हजारो वर्षांत साठत गेलेला, अर्धवट कुजलेला, तंतुमय व तपकिरी रंगाचा पदार्थ होय. रोपवाटिका, हरितगृहे आणि कुंड्यांतील लागवड यांसाठी तो जगभर वापरला जातो. कॅनडा, जर्मनी, फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया इत्यादी देशांत दलदलीतील पाण्याचा निचरा करून, वरचा थर उन्हावाऱ्यात सुकवून आणि यंत्रांनी गोळा करून त्याचे व्यापारी प्रमाणावर उत्पादन घेतले जाते. या कामाला व्यवहारात ‘काढणी’ असे शेतीतील नाव आहे. मात्र एका वर्षात जेवढा थर काढला जातो, तेवढा पुन्हा तयार होण्यास अनेक दशके लागतात. त्यामुळे ही शेती मानावी की खाणकाम, हा या उद्योगाविषयीच्या वादाचा मुख्य मुद्दा आहे.

महाराष्ट्रात पीट मॉस तयार होत नाही. तथापि पाणथळ सपाट जमीन, तिच्यातील चर व बांध, उन्हात सुकणारा थर आणि पावसाच्या भीतीने केलेली घाई ही या उद्योगाची सर्व लक्षणे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याच्या मिठागरांत पाहावयास मिळतात. त्यामुळे पेण व त्याच्या दक्षिणेकडील रोहा या तालुक्यांतील खाडीकाठच्या जमिनींशी तुलना केली असता पीट मॉस कोठे व का तयार होते आणि काढणीनंतर त्या जागेचे काय होते, हे समजणे सोपे जाते.

स्वरूप व निर्मिती

मराठीत मॉस या वर्गातील वनस्पतींना शास्त्रीय लेखनात ‘हरिता’ म्हणतात. बोलीभाषेत त्यांनाही शेवाळ म्हटले जाते. परंतु पाण्यावर वाढणारे शेवाळ अर्थात शैवल हा वनस्पतींचा निराळा गट आहे. स्फॅग्नम प्रजातीत ३०० हून अधिक जाती असून त्या प्रामुख्याने उत्तर गोलार्धातील थंड व दमट प्रदेशांत आढळतात. भारतात या प्रजातीतील हरिता मुख्यतः हिमालयात व ईशान्येकडील राज्यांत सापडतात.

स्फॅग्नमला खरी मुळे नसतात. तिचा शेंडा वर वाढत राहतो आणि खालचा भाग मरत जातो. पानांमधील हिरव्या जिवंत पेशींच्या जोडीला मोठ्या, पोकळ व मृत पेशी असतात. या पेशींच्या भित्तिकांना सूक्ष्म छिद्रे असल्याने त्यांत पाणी भरून राहते. परिणामी ही हरिता आपल्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरून ठेवू शकते. मृत पेशींची ही रचना वनस्पती मेल्यावरही बऱ्याच अंशी टिकते, आणि पीट मॉसचे व्यापारी मोल मुख्यतः तिच्यामुळेच आहे.

स्फॅग्नम पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी मूलद्रव्ये शोषून घेते व त्यांच्या बदल्यात आम्लता सोडते. त्यामुळे सभोवतालच्या पाण्याचा सामू ३ ते ४.५ इतका खाली येतो. पाण्याने तुडुंब भरलेल्या, प्राणवायूविरहित, थंड व आम्लधर्मी अशा या परिस्थितीत कुजविणारे जीवाणू व कवके फारसे काम करू शकत नाहीत. दरवर्षी वाढणाऱ्या वनस्पतीचा काही भाग न कुजता खाली साठतो. साठण्याचा हा वेग वर्षाला साधारणतः अर्धा ते १ मि.मी. असतो. शेवटच्या हिमयुगानंतर, म्हणजे गेल्या सुमारे १०,००० वर्षांत, उत्तर युरोप व कॅनडात अशा रीतीने अनेक मीटर जाडीचे थर तयार झाले आहेत.

पूर्ण वाढलेल्या दलदलीचा मध्यभाग कडांपेक्षा उंच होतो. नदीनाल्यांचे पाणी तेथवर पोहोचत नाही आणि ती केवळ पावसाच्या पाण्यावर जगते. उत्तम प्रतीचे पीट मॉस मुख्यत्वे अशा उंचवट्याच्या दलदलीतूनच मिळते.

पेण व रोहा परिसरात पीट मॉस न होण्याची कारणे

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. आयर्लंडच्या मध्यवर्ती सखल भागात, जेथे पीटच्या विस्तीर्ण दलदली आहेत, तेथे हे प्रमाण सुमारे ८०० ते १,००० मि.मी. एवढेच आहे. असे असूनही पीट आयर्लंडमध्ये साठले, रायगडात साठले नाही. याचे कारण पावसाच्या एकूण प्रमाणात नसून त्याच्या वर्षभरातील वाटणीत आहे. आयर्लंडमध्ये पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो, हवा थंड असते आणि बाष्पीभवन कमी होते. जमीन कधीच पुरती सुकत नाही. कोकणात जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या काळात ऊन, वारा व उष्णता यांमुळे जमीन सुकते, तिच्यात हवा शिरते आणि पालापाचोळा झपाट्याने कुजून जातो.

उष्ण प्रदेशात पीट होतच नाही, असे मात्र नाही. इंडोनेशिया व मलेशियातील दलदलीच्या अरण्यांत वर्षभर पाऊस असल्यामुळे पीटचे जाड थर आहेत. परंतु ते वृक्षांच्या अवशेषांचे असतात, स्फॅग्नमचे नव्हेत. भारतात निलगिरीच्या उंच पठारावरील दलदलींत पीट आढळते. त्यातील कार्बनच्या समस्थानिकांचा अभ्यास करून गेल्या सुमारे २०,००० वर्षांतील हवामान व वनस्पतींतील बदलांचा माग काढण्यात आला आहे. केरळमधील कुट्टनाड भागातील ‘करी’ नावाच्या काळ्या आम्लधर्मी जमिनींतही पीटसदृश सेंद्रिय थर आहेत.

पेण तालुक्यातील धरमतर खाडीच्या आणि रोहा तालुक्यातील कुंडलिका खाडीच्या काठांवरील खाजणांमध्ये पाणी भरपूर असते व खारफुटीच्या मुळांचे अवशेषही गाळात असतात. तरीही तेथे स्फॅग्नम वाढू शकत नाही. तिला पोषकद्रव्ये अत्यल्प असलेले गोडे, आम्लधर्मी पाणी लागते. भरतीबरोबर येणारे खारे पाणी आणि नद्यांनी आणलेला चिकणमातीचा गाळ या दोन्ही गोष्टी तिला मारक आहेत. खाजणाची माती काळी व मऊ असली, तरी ती पीट नसून मुख्यतः खनिज गाळच असते.

काढणीपूर्वीची तयारी

दलदलीतील पीटमध्ये वजनाच्या सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते. काढणीची सारी कृती हे पाणी टप्प्याटप्प्याने घालविण्याभोवती गुंफलेली आहे.

प्रथम थराची जाडी व प्रत तपासली जाते. प्रत ठरविण्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचविलेली १ ते १० अंशांची मोजपट्टी आजही वापरात आहे. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. ओल्या पीटचा गोळा मुठीत घेऊन पिळला जातो. बोटांमधून स्वच्छ पाणी आले व हातात वनस्पतीचे तंतू ओळखू येतील असे राहिले, तर अंश १. गढूळ पाण्याबरोबर पीटही थोडे बाहेर येऊ लागले, तर मधला अंश. आणि सर्वच पदार्थ चिखलासारखा बोटांतून निसटला, तर अंश १०. कमी अंशाचे, फिकट व हलके पीट वरच्या थरांत असते. त्याला व्यापारात ‘पांढरे पीट’ म्हणतात. खालच्या थरातील अधिक कुजलेले, गडद पीट ‘काळे पीट’ म्हणून ओळखले जाते. रोपवाटिकांसाठी पांढऱ्या पीटला अधिक मागणी असते.

त्यानंतर कडेने मोठे चर खणून पाण्याला उतार दिला जातो. आतील क्षेत्रात साधारणतः २० ते ३० मीटर अंतरावर समांतर चर काढले जातात. दोन चरांमधील पट्टा मधोमध किंचित उंच ठेवला जातो, म्हणजे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. वरील झुडपे व जिवंत हरिता काढून टाकली जाते. निचरा पुरेसा होऊन जमिनीवर यंत्रे चालविण्याजोगी ताकद येण्यास एक ते काही वर्षे लागू शकतात. यंत्रे जमिनीत रुतू नयेत, म्हणून त्यांना रुंद चाके किंवा पट्टे बसविलेले असतात.

काढणीच्या पद्धती

सर्वांत जुनी पद्धत हाताने विटा कापण्याची आहे. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये चुलीत जाळण्यासाठी लांब पात्याच्या विशिष्ट फावड्याने पीटच्या विटा कापून त्या उन्हात रचून सुकविल्या जात. बागायतीसाठीही काही ठिकाणी यंत्राने मोठे ठोकळे कापून ते शेतातच रचून ठेवतात. हिवाळ्यात त्यांतील पाणी गोठते, त्यामुळे पीट भुसभुशीत होते व त्याची पाणी धरण्याची क्षमता सुधारते. अशा पीटचे तंतू लांब राहतात.

आज सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत भुकटीच्या थराची आहे. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. ट्रॅक्टरला जोडलेल्या दात्यांच्या अवजाराने पट्ट्याचा वरचा सुमारे १ ते २ सें.मी. थर मोकळा केला जातो.

२. हा सैल थर ऊन व वारा यांच्या साहाय्याने सुकू दिला जातो. मधून मधून तो उलथविला जातो. कोरड्या हवेत एक ते तीन दिवसांत त्यातील पाण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरते.

३. सुकलेला थर मोठ्या निर्वात यंत्राने शोषून घेतला जातो. कॅनडात ही रीत विशेष रूढ आहे. आयर्लंडमध्ये तो पट्ट्याच्या मध्यावर लांब वरंब्याच्या रूपात ओढून मग पट्टावाहक यंत्राने उचलण्याची रीत होती.

४. गोळा केलेले पीट क्षेत्राच्या कडेला मोठ्या ढिगांत साठवून वर प्लास्टिकचे आच्छादन घातले जाते.

५. कारखान्यात चाळणी करून काड्या व मुळे वेगळी केली जातात, कणांच्या आकारानुसार प्रतवारी होते आणि दाबून गाठोडी बांधली जातात. बाजारासाठी तयार मिश्रण करावयाचे असल्यास आम्लता कमी करण्यासाठी चुनखडीची पूड, तसेच थोडी खते मिसळली जातात.

काढणीचा हंगाम उत्तरेकडील उन्हाळ्यापुरता, म्हणजे साधारणतः मे ते सप्टेंबर असतो. त्यातही प्रत्यक्ष कामाला योग्य असे कोरडे दिवस मोजकेच मिळतात. अवेळी पाऊस आला की सुकत आलेला थर पुन्हा भिजतो व सर्व क्रम नव्याने करावा लागतो. एखादा उन्हाळा सतत पावसाळी गेला, तर उत्पादन मोठ्या प्रमाणात घटते आणि त्याचा परिणाम पुढील वर्षी दूरदेशीच्या रोपवाटिकांपर्यंत पोहोचतो.

कोरडे पीट सहज पेट घेते. साठवणीच्या ढिगांत आतल्या आत उष्णता वाढूनही आग लागू शकते, म्हणून ढिगांचे तापमान तपासले जाते. जोराचा वारा असल्यास धूळ व आगीच्या धोक्यामुळे काम थांबविले जाते. जमिनीखालील थरात शिरलेली आग आठवडे किंवा महिने धुमसत राहू शकते. स्फॅग्नम हाताळणाऱ्या कामगारांना स्पोरोट्रायकोसिस हा कवकजन्य त्वचारोग होण्याची शक्यता असते. हातावर जखम असल्यास हातमोजे वापरणे आवश्यक मानले जाते.

ऑर्किडच्या लागवडीसाठी विकले जाणारे लांब तंतूंचे स्फॅग्नम मॉस हे निराळे उत्पादन आहे. ते दलदलीच्या पृष्ठभागावरील हरिता उपटून व सुकवून मिळविले जाते. न्यूझीलंड व चिली हे त्याचे प्रमुख पुरवठादार आहेत. पीट मॉस म्हणजे त्याच वनस्पतीचा खाली साठलेला प्राचीन थर होय.

मिठागराशी तुलना

पेण तालुका मिठागरांसाठी पूर्वापार ओळखला जातो. मीठ पिकविण्याचे हे काम येथील आगरी समाजाशी जोडलेले आहे. ‘आगरी’ या नावाचा संबंधही आगर या शब्दाशी लावला जातो. पावसाळा संपल्यावर बांधबंदिस्ती होते आणि उधाणाच्या भरतीचे पाणी उथळ तळ्यांत घेतले जाते. ते एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवीत उन्हात आटविले जाते. समुद्राच्या १,००० लिटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात व त्यांपैकी सुमारे २७ किलो खाण्याचे मीठ असते. पाणी मूळ आकारमानाच्या सुमारे एक दशांश इतके आटल्यावर मिठाचे स्फटिक तळाशी बसू लागतात. ते लाकडी अवजाराने ओढून बांधावर ढीग केले जातात. पहिल्या पावसापूर्वी मीठ उचलून किंवा झाकून ठेवावे लागते.

दोन्ही उद्योगांत इंधनाऐवजी ऊन व वारा सुकविण्याचे काम करतात. दोन्हीकडे जमिनीचा सपाटपणा, चर व बांध यांवर सारे अवलंबून असते. वेळ चुकल्यास पाऊस तयार माल बिघडवतो, हेही दोन्हींत समान आहे. दोन्ही ठिकाणी माल हलका थर ओढून गोळा केला जातो आणि ढीग लावून झाकला जातो.

फरक मूळ मालाच्या भरपाईत आहे. मिठागरात मिठाचा कच्चा माल समुद्र दर उधाणाला परत आणून देतो. तोच वाफा पिढ्यान्‌पिढ्या मीठ देत राहतो. पीटच्या बाबतीत असे होत नाही. एका हंगामात ५ सें.मी. थर काढला, तर एका हेक्टरमधून ५०० घनमीटर पीट निघते. वर्षाला १ मि.मी. हा वरच्या मर्यादेचा वेग धरला, तरी जिवंत दलदलीत त्याच एका हेक्टरवर वर्षभरात केवळ १० घनमीटर पीट साठते. म्हणजे एका हंगामाची भरपाई होण्यास ढोबळमानाने ५० वर्षे लागतील. शिवाय निचरा केलेल्या दलदलीत हरिता जिवंत नसल्याने काढणी चालू असताना भरपाई मुळी सुरूच होत नाही. काही दशकांनी उपयुक्त थर संपला की क्षेत्र सोडून द्यावे लागते.

उपयोग

पीट मॉस हलके असते, पाणी भरपूर धरते, तरीही त्याच्या कणांमध्ये हवा खेळती राहते. त्यात तणांचे बी व रोगजंतू अत्यल्प असतात. त्याची मूळची पोषणक्षमता नगण्य असल्यामुळे उत्पादकाला हवी तेवढीच खते देता येतात. प्रत्येक गाठोड्यातील माल जवळपास सारखाच असतो. यंत्राने ट्रे भरून लक्षावधी रोपे एकाच उंचीची वाढविणाऱ्या रोपवाटिकांना हा सारखेपणा विशेष महत्त्वाचा वाटतो. युरोपात अळिंबीच्या वाफ्यांवर वरून पसरण्यासाठी काळे पीट वापरतात. पहिल्या महायुद्धात कापसाच्या टंचाईमुळे सुकविलेले स्फॅग्नम जखमांवरील पट्ट्यांत भरले जात असे.

शेतात वापरावयाच्या ऱ्हायझोबियमसारख्या जिवाणू खतांसाठी वाहक म्हणून अनेक देशांत पीटची भुकटी वापरतात. भारतात योग्य प्रतीचे पीट सहज उपलब्ध नसल्यामुळे या कामी लिग्नाइटची भुकटी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जिवाणू खताच्या पाकिटात दिसणारी काळी पूड बहुधा हीच असते.

महाराष्ट्रात आयात केलेले पीट मॉस प्रामुख्याने हरितगृहांतील फुलझाडे, प्रो-ट्रेमधील भाजीपाल्याची रोपे आणि ऊतिसंवर्धित रोपांचे कणखरीकरण यांसाठी वापरले जाते. परदेशातून येणाऱ्या अशा मालाबरोबर कीड व रोग येऊ नयेत, म्हणून त्याची आयात वनस्पती विलगीकरणविषयक २००३ च्या केंद्रीय आदेशानुसार नियंत्रित आहे.

शेतजमिनीत सुधारक म्हणून पीट मिसळण्याचे प्रयोजन कोकणात जवळजवळ नाही. जांभ्या दगडापासून बनलेल्या येथील जमिनी मुळातच आम्लधर्मी आहेत आणि पीट त्यांची आम्लता वाढवू शकते. भाताच्या रोपांसाठी पेण, रोहा व आसपासच्या तालुक्यांत राब भाजण्याची परंपरा आहे. पालापाचोळा, कवळ व शेण पसरून जाळलेल्या वाफ्यात पेरणी केल्याने तण कमी होते आणि रोपांना राखेतील पोषण मिळते. फळझाडांच्या कलमांसाठी लाल माती व शेणखत यांचे मिश्रण रूढ आहे.

पर्यावरणीय परिणाम

पीटच्या जमिनींनी पृथ्वीवरील भूभागाचा केवळ सुमारे ३ टक्के भाग व्यापला आहे. परंतु जगातील मातीत असलेल्या एकूण कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांत साठलेला आहे. जगातील सर्व वनांच्या झाडोऱ्यात मिळून असलेल्या कार्बनपेक्षा हा साठा अधिक मानला जातो. दलदल पाण्याखाली असेपर्यंत हा कार्बन सुरक्षित राहतो. निचरा झाला की हवेशी संपर्क येऊन पीट कुजू लागते व कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. काढलेले पीट कुंडीत गेल्यावरही काही वर्षांत कुजून त्यातील कार्बन हवेत जातो.

या हानीत बागायती पीटचा वाटा किती, याबाबत तारतम्य आवश्यक आहे. जगातील बहुसंख्य पीटभूमींचा निचरा शेती, वनलागवड व चराई यांसाठी झाला आहे. आग्नेय आशियात तेलताडाच्या मळ्यांसाठी झाला आहे. काढणीखालील क्षेत्र त्यामानाने अल्प आहे. कॅनडात सुमारे ११ लाख चौ.किमी. पीटभूमी असून तिचा एक टक्क्यापेक्षाही बराच कमी भाग काढणीखाली आला आहे, हा तेथील उद्योगाचा प्रमुख युक्तिवाद असतो. पश्चिम युरोपात मात्र उंचवट्याच्या दलदली मुळातच थोड्या उरल्या असल्याने प्रत्येक नवे क्षेत्र वादाचा विषय ठरते.

आयर्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे १९४६ मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इंधन, वीजनिर्मिती व बागायत यांसाठी पीट काढून तिने मध्य आयर्लंडमधील अनेक गावांना रोजगार दिला. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने पीटची काढणी कायमची बंद केल्याचे जाहीर केले. त्यामुळे दलदलींचे संरक्षण साधले, परंतु कामगारांपुढे नव्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी आयर्लंडमधील रोपवाटिका व अळिंबी उत्पादकांची गरज भागविण्यासाठी लाटव्हियातून पीट आयात करण्यात आले. मागणी कायम ठेवून एका देशातील काढणी थांबविल्यास ती दुसऱ्या देशात सरकते, हे त्यातून दिसून आले. इंग्लंडमध्ये हौशी बागायतदारांना पीटची विक्री २०२४ पर्यंत बंद करण्याचे सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले होते. परंतु त्यासाठी लागणारा कायदा त्या मुदतीत झाला नाही.

पर्याय : नारळाचा भुसा

पीट मॉसचा सर्वाधिक प्रचलित पर्याय म्हणजे कोकोपीट, अर्थात नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा होय. सोडणाच्या वजनात काथ्या सुमारे ३० टक्के व भुसा सुमारे ७० टक्के असतो. पूर्वी काथ्याच्या कारखान्यांबाहेर या भुशाचे डोंगर साचत व तो टाकाऊ समजला जाई. आज भारताच्या काथ्या-उत्पादनांच्या निर्यातीत त्याचा मोठा वाटा असून केरळ व तमिळनाडू ही त्याची मुख्य केंद्रे आहेत. माल दाबून सुमारे ५ किलोच्या विटा केल्या जातात. पाण्यात भिजविल्यावर अशी एक वीट फुगून ६० लिटरहून अधिक माध्यम तयार होते.

कोकोपीटचा सामू साधारणतः ५.५ ते ६.५ असल्याने त्यात चुनखडी मिसळावी लागत नाही. ते सुकल्यावरही चटकन पाणी धरते. पीट मॉस मात्र एकदा पुरते वाळले की पाणी झटकून टाकते. कोकोपीटचा मुख्य दोष म्हणजे त्यातील सोडियम व पोटॅशियमचे क्षार. किनाऱ्यावरील माडांच्या सोडणांत, तसेच काथ्यासाठी खाऱ्या पाण्यात मुरविलेल्या सोडणांच्या भुशात ते अधिक असतात. म्हणून भुसा गोड्या पाण्याने वारंवार धुवावा लागतो. संवेदनशील पिकांसाठी तो कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून पुन्हा धुतात, म्हणजे सोडियमची जागा कॅल्शियम घेते. न धुतलेला स्वस्त माल वापरल्यास कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. त्यामुळे खरेदीपूर्वी विद्युतवाहकता तपासणे हिताचे असते.

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन या तालुक्यांत नारळाच्या बागा आहेत. जिल्ह्यातील लहान रोपवाटिकांच्या दृष्टीने सोडणाचा भुसा हा दरवर्षी नव्याने मिळणारा माल आहे, तर पीट मॉसचे गाठोडे हजारो किलोमीटरवरून व हजारो वर्षांच्या साठ्यातून येते. तथापि धुण्यासाठी लागणारे गोडे पाणी उन्हाळ्यात खाडीकाठच्या गावांत दुर्मीळ असते, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पेण व रोहा हे भाताचे तालुके असल्याने भाताचे तूस, तसेच चांगले कुजलेले कंपोस्ट हेही मिश्रणात वापरता येतात. मात्र त्यांत पीटसारखा सारखेपणा राखणे अवघड असते.

दलदलीची पुनर्स्थापना व हरितांची लागवड

काढणी थांबविल्यावर क्षेत्र तसेच सोडले, तर उघड्या कोरड्या पीटवर स्फॅग्नम सहसा आपणहून परतत नाही. म्हणून चर बुजवून पाण्याची पातळी पुन्हा वर आणली जाते. कॅनडात विकसित झालेल्या पद्धतीत जवळच्या जिवंत दलदलीतून हरितेचा पातळ थर खरवडून त्याचे तुकडे सुमारे दहापट क्षेत्रावर पसरतात आणि ओल टिकावी म्हणून वर पेंढा अंथरतात. क्वेबेक प्रांतातील ब्वा-दे-बेल येथील दलदलीत १९९९ मध्ये हे काम झाले. सुमारे १४ वर्षांनंतरच्या मोजमापांत ती दलदल पुन्हा हवेतील कार्बन शोषून घेत असल्याचे आढळले. अशा ठिकाणी हरितेचे आवरण परत येते. काढून नेलेला मीटरभर जाडीचा थर मात्र परत येण्यास हजार वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागेल.

जर्मनी व कॅनडात निचरा न करता, पाण्याने भरलेल्या वाफ्यांत स्फॅग्नमची लागवड करण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यांत वरची जिवंत हरिता काही वर्षांच्या अंतराने कापली जाते, खालचा भाग पुन्हा फुटतो आणि जमिनीतील जुने पीट पाण्याखाली सुरक्षित राहते. या रीतीने मिळणाऱ्या मालाचा खर्च अद्याप पीट मॉसपेक्षा बराच अधिक आहे. मात्र जेवढे वाढते तेवढेच कापले जात असल्याने, काढणी हा शब्द या पद्धतीला शेतीतील नेहमीच्या अर्थाने लागू पडतो.